कॉमन मॉर्मन आणि त्याची बहुरूपी मादी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कुंडीतल्या कढीपत्त्याची पाने कुरतडणाऱ्या हिरव्या अळीपासून ते लाल ठिपक्यांच्या काळ्या फुलपाखरापर्यंत अनेक गोष्टींविषयी लोक विचारणा करतात, आणि यांतले बरेचसे प्रश्न शेवटी एकाच फुलपाखरापाशी येऊन थांबतात. ते फुलपाखरू म्हणजे कॉमन मॉर्मन. याची मादी दुसऱ्याच जातीच्या फुलपाखराचे सोंग घेऊन वावरते, त्यामुळे ते वर्षानुवर्षे डोळ्यांसमोर असूनही ओळखू येत नाही. पुढील उत्तरे बागेत, गच्चीत किंवा गॅलरीत उभे राहून ताडून पाहता यावीत अशा बेताने लिहिली आहेत.

कॉमन मॉर्मन म्हणजे नेमके कोणते फुलपाखरू?

पॅपिलिओ पॉलिटीस असे शास्त्रीय नाव असलेले हे फुलपाखरू स्वॅलोटेल, म्हणजे मागील पंखांना शेपटीसारखे टोक असलेल्या फुलपाखरांच्या कुळातील आहे. पंख पसरल्यावर ते साधारणपणे ९ ते १० सेंटिमीटर भरते. नर काळाभोर असतो. त्याच्या मागील पंखांवर मधोमध पांढऱ्या ठिपक्यांची एक आडवी ओळ असते आणि पुढील पंखांच्या कडेने टोकाकडे लहान लहान होत जाणारे पांढरे ठिपके असतात. भारतासह दक्षिण आणि आग्नेय आशियात ते सर्वत्र आढळते. महाराष्ट्रात कोकणपट्टीपासून विदर्भापर्यंत, आणि गोव्यातही, जिथे लिंबू किंवा कढीपत्ता आहे तिथे ते दिसण्याची शक्यता आहे. पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या दोन-तीन महिन्यांत त्याची संख्या सर्वाधिक असते. एरवीही ते वर्षभर अधूनमधून दिसत राहते.

मादीची तीन रूपे असतात असे ऐकले आहे. ती कोणती?

भारतात मादी तीन रूपांत आढळते आणि तिन्ही रूपे एकाच जातीची आहेत. पहिले रूप 'सायरस'. ही मादी जवळजवळ नरासारखीच दिसते. फरक इतकाच, की तिच्या मागील पंखांच्या कडेला लाल चंद्रकोरी ठळकपणे उमटलेल्या असतात. दुसरे रूप 'स्टिकियस'. हिच्या मागील पंखांवर मधोमध पांढऱ्या डागांचा पुंजका आणि कडेने गुलाबी-लाल चंद्रकोरी असतात, आणि ती हुबेहूब कॉमन रोझ या फुलपाखरासारखी दिसते. तिसरे रूप 'रोम्युलस'. हिच्या पुढील पंखांवर पांढरट पट्टे आणि मागील पंखांवर लाल ठिपक्यांच्या ओळी असतात, आणि ती क्रिमसन रोझची नक्कल करते.

नराचे रूप मात्र एकच. शहरी बागांमध्ये माझ्या पाहण्यात सर्वाधिक वेळा स्टिकियस येते, आणि बहुतेक जण तिची नोंद कॉमन रोझ म्हणूनच करतात.

आपल्याकडचा बहुरूपी दारी आला, की अंगणातली माणसे आधी त्याच्या वेषाला प्रतिसाद देतात आणि माणूस मागाहून ओळखतात. या मादीच्या बाबतीत पक्ष्यांचे तसेच होते, म्हणून तिला बहुरूपी म्हणणे मला सर्वार्थाने योग्य वाटते.

ती नक्कल करते ती फुलपाखरे एवढी महत्त्वाची का?

कारण ती खाण्यालायक नाहीत. कॉमन रोझ आणि क्रिमसन रोझ यांच्या अळ्या ईश्वरी या वेलीची आणि तिच्या जवळच्या वेलींची पाने खाऊन वाढतात. ईश्वरीला काही भागांत सापसन असेही म्हणतात. या वेलींमध्ये ॲरिस्टोलोकिक आम्ल नावाची विषारी द्रव्ये असतात. अळीला त्यांची बाधा होत नाही. उलट ती ही द्रव्ये आपल्या शरीरात साठवून ठेवते आणि कोषातून बाहेर येणाऱ्या फुलपाखरातही ती उतरतात. त्यामुळे रोझ फुलपाखरू पक्ष्याला बेचव आणि त्रासदायक ठरते. त्याचे लाल अंग आणि लाल ठिपके ही या विषाची जाहीर पाटी आहे. त्याला पळण्याची घाई नसते, कारण आपल्याला कोणी खाणार नाही अशाच बेताने त्याचे सारे शरीर घडलेले आहे. त्याचे अंग इतके चिवट असते, की पक्ष्याने चोचीत पकडून सोडून दिल्यावरही ते अनेकदा जिवंत राहते.

कॉमन मॉर्मनची अळी मात्र लिंबू, कढीपत्ता, बेल, किरमिरा यांसारख्या लिंबाच्या कुळातील झाडांवर वाढते. या झाडांत ते विष नाही, त्यामुळे फुलपाखरातही ते नसते आणि पक्ष्याच्या दृष्टीने कॉमन मॉर्मन हा चांगला घास असतो. निरुपद्रवी जातीने विषारी जातीचे रूप घेऊन स्वतःचा बचाव करणे, याला बेट्सीय अनुकृती म्हणतात.

पण पक्ष्याला हे विष कळते कसे? तो जन्मतःच जाणतो का?

बहुतेक पक्षी हे अनुभवातून शिकतात. कोवळ्या वयाचा पक्षी एखादे रोझ फुलपाखरू पकडतो, त्याची चव घेतो, टाकून देतो आणि तो रंग लक्षात ठेवतो. जपानमध्ये बुलबुलांवर झालेल्या प्रयोगांत हे स्पष्टपणे दिसून आले: कॉमन रोझचा वाईट अनुभव आलेल्या बुलबुलांनी त्यानंतर कॉमन मॉर्मनच्या नक्कल करणाऱ्या माद्यांना टाळले, पण नरासारख्या दिसणाऱ्या माद्या मात्र खाल्ल्या. सोंगाचा उपयोग होतो याचा याहून सरळ पुरावा मला ठाऊक नाही.

यातून एक महत्त्वाची गोष्ट निघते, आणि पुढच्या अनेक उत्तरांचा आधार तीच आहे. या मादीचे संरक्षण तिच्या स्वतःच्या पंखांत नसते, ते परिसरातल्या पक्ष्यांच्या आठवणीत असते, आणि ती आठवण तयार करण्याचे काम रोझ फुलपाखरे करतात. जिथे रोझ नाहीत तिथे या सोंगाला काहीही किंमत नाही.

ही नक्कल मादी समजून-उमजून करते का?

नाही. आपण कोणासारखे दिसतो हे तिला कळण्याचा प्रश्नच येत नाही. पिढ्यान् पिढ्या, ज्या माद्या रोझसारख्या थोड्याही अधिक दिसल्या त्या पक्ष्यांच्या तावडीतून अधिक सुटल्या आणि त्यांची अंडी अधिक प्रमाणात पुढे गेली. हजारो पिढ्यांच्या या निवडीतून आजचे साम्य घडले आहे. 'नक्कल' किंवा 'सोंग' हे शब्द आपण सोयीसाठी वापरतो.

मग नर नक्कल का करत नाही? पक्षी त्यालाही खातातच की.

हा प्रश्न अभ्यासकांनाही बराच काळ सतावत आला आहे आणि त्याचे उत्तर एका कारणात मावत नाही. पहिले कारण असे, की मादीवर धोका अधिक असतो. तिचे पोट अंड्यांनी जड झालेले असते, ती संथ उडते आणि अंडी घालण्यासाठी तिला झाडाभोवती वारंवार घुटमळावे लागते. पंखांवर राहिलेल्या चोचीच्या खुणा मोजून झालेल्या अभ्यासांतही माद्यांवर पक्ष्यांचे हल्ले अधिक होतात असे दिसले आहे. दुसरे कारण जोडीदाराच्या ओळखीशी जोडलेले मानले जाते: नराने आपले मूळ रूप सोडले, तर माद्या त्याला स्वीकारतील किंवा इतर नर त्याला नर म्हणून ओळखतील याची खात्री उरत नाही. नर दिवसभर माद्यांच्या शोधात वेगाने आणि वेडावाकडा उडत फिरतो, आणि त्याचा बचाव त्याच्या वेगावर चालतो.

नक्कल इतकी फायद्याची असेल, तर सगळ्याच माद्या नक्कल का करत नाहीत?

कारण खोट्यांची संख्या खऱ्यांच्या मानाने फार वाढली, की खोटेपणा उघडा पडतो. समजा, एखाद्या परिसरात कॉमन रोझ थोडी आणि तिच्यासारखी दिसणारी कॉमन मॉर्मनची मादी पुष्कळ झाली. तर नवशिक्या पक्ष्याने पकडलेली पहिली तीन-चार फुलपाखरे चवीला चांगली निघतील आणि लाल ठिपके म्हणजे खाद्य असाच धडा तो शिकेल. त्यानंतर नक्कल करणारी मादी उलट अधिक संकटात येईल. म्हणून नकलेचा फायदा ती विरळ असेपर्यंत टिकतो, आणि सायरस रूपालाही जगण्याची वाट मिळते. हिमालयाच्या ज्या पश्चिम भागांत रोझ फुलपाखरे विरळ आहेत, तिथे सायरस मादीच प्रामुख्याने दिसते. दक्षिण भारतात क्रिमसन रोझ भरपूर आहे, आणि रोम्युलस हे रूपही मुख्यतः तिथे भेटते. जपानच्या दक्षिणेकडील मियाको बेटावर विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कॉमन रोझ येऊन स्थिरावली, आणि त्यानंतर तिथल्या कॉमन मॉर्मनमध्ये नक्कल करणाऱ्या माद्यांचे प्रमाण वाढत गेले. आधी खरे आले, मग खोटे वाढले.

समोर बसलेले फुलपाखरू खरे रोझ आहे की मॉर्मनची मादी, हे कसे ओळखावे?

पंखांकडे पाहू नका, अंगाकडे पहा. हा एक नियम पाळला तर दहातली नऊ फुलपाखरे अचूक ओळखता येतात.

रोझचे डोके आणि पोट लाल असते. कॉमन रोझ असो वा क्रिमसन रोझ, ते फुलावर बसले की पोटाचा लाल रंग बाजूने आणि खालून लख्ख दिसतो. कॉमन मॉर्मनच्या मादीचे अंग मात्र काळे असते. पंखांवर तिने कितीही लाली आणली असली, तरी धडाचा रंग तिला बदलता आलेला नाही. पक्षी हवेत उडणाऱ्या फुलपाखराच्या पंखांवरून झटकन निर्णय घेतो, त्यामुळे एवढ्या उणिवेवरही तिचे निभावते.

दुसरी खूण उडण्याची. रोझ संथ, सरळ आणि जमिनीपासून बेताच्या उंचीवरून उडते. मॉर्मनची मादी काही काळ तशीच संथ उडते, आणि हे पाहण्यासारखे असते, कारण नक्कल रंगापुरती थांबलेली नाही. पण तिला हुसकावले की तिची चाल बदलते आणि ती आपल्या जातीप्रमाणे झपाट्याने, वळणे घेत निघून जाते. 

तिसरी खूण झाडाची. काळे-लाल फुलपाखरू कढीपत्त्याच्या किंवा लिंबाच्या कोवळ्या शेंड्याभोवती घिरट्या घालून क्षणभर पोट वाकवत असेल, तर ती अंडी घालणारी मॉर्मन मादी आहे हे निश्चित समजावे. रोझला त्या झाडात काहीही रस नसतो.

रोम्युलस आणि क्रिमसन रोझ समोरासमोर पाहण्याची संधी मिळाली तर रंगाच्या तेजातही फरक जाणवतो. क्रिमसन रोझचा लाल रंग गडद आणि झळाळता असतो, रोम्युलसचा थोडा मळकट.

हे सर्व प्रथम कोणाच्या लक्षात आले?

हेन्री वॉल्टर बेट्स हा इंग्रज निसर्गअभ्यासक १८४८ मध्ये ॲमेझॉनच्या खोऱ्यात गेला आणि अकरा वर्षे तिथे राहिला. तिथल्या फुलपाखरांमध्ये परस्परांशी नाते नसलेल्या जाती एकसारख्या दिसतात हे पाहून त्याने १८६२ मध्ये अनुकृतीचे स्पष्टीकरण मांडले. म्हणून तिला त्याचे नाव मिळाले. डार्विनचा सिद्धांत तेव्हा नुकताच प्रसिद्ध झाला होता आणि निवडीची प्रक्रिया डोळ्यांनी दिसेल असे उदाहरण त्याला यातून मिळाले.

कॉमन मॉर्मनची कथा आल्फ्रेड रसेल वॉलेसने उलगडली. बेट्सबरोबर ॲमेझॉनला गेलेला हाच वॉलेस पुढे मलाय द्वीपसमूहात अनेक वर्षे फिरला. त्याआधी सजीवांना शास्त्रीय नावे देण्याची पद्धत रूढ करणाऱ्या लिनियसने १७५८ मध्ये या एकाच जातीला दोन नावे दिली होती: नरासारख्या रूपाला पॅमॉन आणि नकली मादीला पॉलिटीस. रोम्युलसही वेगळी जात मानली गेली होती. वॉलेसने १८६५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात ही सर्व रूपे एकाच जातीच्या माद्या आहेत असे दाखवून दिले. संग्रहालयातल्या टाचणीवर टोचलेल्या नमुन्यांवरून जे शतकभर उमगले नव्हते, ते रानात हिंडणाऱ्या माणसाला दिसले, याचे मला विशेष मोल वाटते.

'मॉर्मन' हे इंग्रजी नाव भारतातच रूढ झाले. एका नराच्या तीन प्रकारच्या माद्या पाहून एकोणिसाव्या शतकातील इंग्रज अभ्यासकांना अमेरिकेतील बहुपत्नीक मॉर्मन पंथाची आठवण झाली, असा त्याचा उगम सांगितला जातो.

एकाच मादीच्या अंड्यांतून वेगवेगळ्या रूपांच्या मुली जन्मतात का?

होय, जन्मतात. नरासारख्या दिसणाऱ्या मादीच्या अंड्यांतूनही रोझची नक्कल करणाऱ्या मुली निघू शकतात, आणि तो वारसा त्यांना बापाकडून मिळालेला असतो. जे. सी. एफ. फ्रायर यांनी श्रीलंकेत, तेव्हाच्या सिलोनमध्ये, ही फुलपाखरे पिढ्यान् पिढ्या पाळून १९१३ च्या सुमारास दाखवले, की ही रूपे साध्या मेंडेलीय नियमांनी पुढच्या पिढीत उतरतात. नक्कल करणारे रूप नरासारख्या रूपावर प्रबळ असते. नराच्या शरीरातही हा वारसा असतो, पण त्याच्या पंखांवर तो उमटत नाही. पुढच्या पिढीतल्या मुलीत मात्र तो प्रकट होतो.

अडचण अशी होती, की पंखांवरचे पांढरे डाग, लाल चंद्रकोरी, त्यांची जागा आणि आकार या साऱ्या गोष्टी एकत्रच बदलतात. अर्धे नरासारखे आणि अर्धे रोझसारखे असे मधले रूप सहसा दिसत नाही. त्यामुळे अनेक जनुके एकमेकांना घट्ट चिकटून, एका गठ्ठ्यासारखी, वारशाने मिळत असावीत असा अंदाज दीर्घकाळ बांधला गेला होता. अशा गठ्ठ्याला महाजनुक म्हणतात. २०१४ मध्ये डॉ. कृष्णमेघ कुंटे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या संशोधनाने हे कोडे सुटले, आणि उत्तर अपेक्षेहून निराळे निघाले. गठ्ठ्याऐवजी तिथे 'डबलसेक्स' नावाचे एकच जनुक सापडले. कीटकांमध्ये नर आणि मादी यांचे शरीर वेगवेगळे घडवण्याचे काम मुळात हेच जनुक करते. नक्कल करणाऱ्या माद्यांमध्ये या जनुकासह गुणसूत्राचा तो तुकडा उलटा फिरलेला असतो. तुकडा उलटा असल्यामुळे सरळ तुकड्याशी त्याची अदलाबदल होऊ शकत नाही आणि सोंगाचा साराच साज पिढ्यान् पिढ्या अखंड राहतो. जपानी संशोधकांनीही २०१५ मध्ये स्वतंत्रपणे हेच जनुक शोधून काढले.

ज्या जनुकाचे मूळ काम लिंगभेद घडवण्याचे आहे त्यानेच हा पेहराव हाती घेतला, यावरून नक्कल मादीपुरतीच का राहिली याचाही उलगडा होतो.

हेच महाराष्ट्राचे राज्य फुलपाखरू आहे का?

नाही. २०१५ मध्ये राज्य फुलपाखरू म्हणून घोषित झालेले राणी पाकोळी, म्हणजे ब्लू मॉर्मन, हे याच पॅपिलिओ प्रजातीतले पण वेगळे आणि बरेच मोठे फुलपाखरू आहे. त्याच्या काळ्या पंखांवर फिकट निळे पट्टे असतात आणि शेपट्या नसतात. फुलपाखराला राज्यमान देणारे महाराष्ट्र हे देशातले पहिले राज्य ठरले.

कढीपत्त्यावरच्या अळ्या याच फुलपाखराच्या असतात का?

बहुधा कॉमन मॉर्मनच्या किंवा लाइम बटरफ्लाय या दुसऱ्या फुलपाखराच्या असतात. दोघांची झाडे एकच आहेत. मादी कोवळ्या पानावर एकेक करून फिकट पिवळे, मोहरीहून लहान अंडे घालते. तीन-चार दिवसांत अळी बाहेर पडते आणि बहुधा अंड्याचे कवचच आधी खाते. लहानपणी ती काळपट-तपकिरी असून तिच्यावर पांढरे डाग असतात, त्यामुळे ती पानावर पडलेल्या पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते. म्हणजे सोंगाची सुरुवात पंख फुटण्याच्या कितीतरी आधी होते. शेवटची कात टाकल्यावर ती हिरवीगार होते, पाठीवर तपकिरी-पांढरे तिरपे पट्टे उमटतात आणि पुढच्या फुगीर भागावर डोळ्यांसारख्या खुणा येतात.

या अळीला काडीने हलके स्पर्श करून पहा. डोक्यामागून सापाच्या जिभेसारखे दुभंगलेले लाल शिंग झटकन बाहेर येते, उग्र वास पसरतो आणि काही क्षणांत ते शिंग आत ओढले जाते. मुंग्या आणि छोटे शत्रू यामुळे मागे हटतात.

पूर्ण वाढलेली अळी कोषाच्या जागी स्वतःला कमरेभोवती रेशमाच्या एका धाग्याने बांधून घेते. कोष आजूबाजूच्या रंगाप्रमाणे हिरवा किंवा तपकिरी होतो. अंड्यापासून फुलपाखरापर्यंतचा सारा प्रवास साधारण महिनाभराचा असतो.

अळ्या झाडाची पाने संपवतात. औषध फवारावे का?

घरच्या झाडावर फवारू नये अशी माझी कळकळीची विनंती आहे. मोठे झालेले कढीपत्त्याचे किंवा लिंबाचे झाड चार-सहा अळ्या सहज पोसते आणि काही आठवड्यांत नवी पालवी धरते. कुंडीतले रोप अगदी लहान असेल, तर दोन अळ्या ठेवून बाकीच्या जवळच्या मोठ्या कढीपत्त्यावर किंवा लिंबावर सोडाव्यात. संत्रा-मोसंबीच्या रोपवाटिकांचा प्रश्न वेगळा आहे. तिथे कोवळ्या रोपांचे खरे नुकसान होते आणि ते प्रामुख्याने लाइम बटरफ्लायच्या अळ्यांकडून होते. तिथे अळ्या हाताने वेचणे हाच पहिला उपाय असावा.

अळ्या पाळणाऱ्यांसाठी एक इशारा. एका पावसाळ्यात माझ्या रोपावरची पाने संपली म्हणून मी बाजारातून आणलेल्या जुडीतला कढीपत्ता चांगला धुऊन सहा अळ्यांना घातला. सकाळपर्यंत चार अळ्या हिरवे पाणी ओकून लुळ्या पडल्या होत्या आणि उरलेल्या दोन संध्याकाळी गेल्या. त्या पानांवर कीटकनाशक होते आणि ते धुऊन गेले नव्हते. त्यानंतर फवारणी नसलेल्या, ओळखीच्या झाडाचीच पाने मी वापरतो, आणि सर्वांना तेच सांगतो.

रोझ फुलपाखराला किंवा त्याच्या अळीला हात लावला तर विषबाधा होते का?

हात लावल्याने होत नाही. ते विष खाणाऱ्यासाठी आहे. मात्र ईश्वरीची वेल औषध म्हणून स्वतःच्या मनाने पोटात घेऊ नये. सर्पदंशावर आणि इतर आजारांवर तिचा वापर परंपरेने सांगितला जातो, पण ॲरिस्टोलोकिक आम्लामुळे माणसाच्या मूत्रपिंडांना कायमची इजा होते आणि कर्करोगाचा धोका वाढतो हे आता निर्विवादपणे सिद्ध झाले आहे.

कॉमन मॉर्मन बागेत यावे म्हणून काय लावावे?

अळ्यांसाठी कढीपत्ता किंवा लिंबू. दोन्ही नसतील तर कुंती. मधासाठी इक्झोरा, पेंटास, जास्वंद आणि मुसांडा, कारण याची सोंड लांब असते आणि खोल नळीच्या फुलांतला मध ते सहज पिते. ऊन्ह येणाऱ्या कोपऱ्यात ओल्या मातीचे एक पसरट ताट ठेवले तर नर चिखलपान करण्यासाठी, म्हणजे मातीतले क्षार शोषण्यासाठी, तिथे उतरतात.

आणि जागा असेल तर कुंपणावर ईश्वरीची वेल अवश्य चढवावी. मॉर्मनसाठी बाग करणाऱ्याने रोझची वेल का लावावी, असा प्रश्न इथे अनेकांना पडतो. कारण वर आलेच आहे: रोझ नसेल तर पक्षी धडा शिकत नाहीत, आणि पक्षी शिकले नाहीत तर मॉर्मनच्या मादीचे सोंग निरर्थक ठरते. कढीपत्ता प्रत्येक घरी आहे, त्यामुळे नक्कल करणारीची काळजी आपोआप घेतली जाते. मूळ रूपाची वेल मात्र कुंपणे साफ करताना, रस्ते रुंद करताना आणि झुडुपे जाळताना सर्वांत आधी जाते. दक्षिण कोकणात आणि गोव्यात या वेलीवर सदर्न बर्डविंग हे भव्य फुलपाखरूही वाढते. वेल घरी लावल्यास लहान मुले आणि गुरे तिची पाने खाणार नाहीत अशी जागा निवडावी.

आपल्याकडे अशी नक्कल करणारी आणखी कोणती फुलपाखरे आहेत?

पुष्कळ आहेत. डॅनेड एगफ्लायचा नर काळा असून त्याच्या पंखांवर निळसर कडा असलेले पांढरे चंद्र असतात, तर मादी नारिंगी रंगाच्या प्लेन टायगरची हुबेहूब नक्कल करते. प्लेन टायगरची अळी रुईवर वाढते आणि रुईच्या चिकातले विष अंगी बाळगते. कॉमन माइममध्ये तर नर आणि मादी दोघेही सोंग घेतात: एक रूप क्रो नावाच्या फुलपाखरासारखे तपकिरी, दुसरे ब्लू टायगर या फुलपाखरासारखे पट्ट्यांचे. रुईचे झुडूप दिसले की तिथे पाच मिनिटे थांबून पाहण्याची सवय लावून घ्यावी, मग यांतली जोडी एकत्र पाहण्याचा योग येतो.

कोषातून नर निघणार की मादी, आणि मादी कोणत्या रूपाची, हे आधी कळते का?

अळीवरून किंवा ताज्या कोषावरून पंखांचे रूप सांगता येत नाही. पण फुलपाखरू बाहेर येण्याच्या आदल्या संध्याकाळी कोष काळवंडू लागतो, त्याचे कवच पातळ आणि पारदर्शक होते आणि आत दुमडून ठेवलेला पंख नखाएवढ्या आकारात दिसू लागतो. भिंग घेऊन, उजेडाच्या बाजूने कोष न हलवता पहावे. दिसतो तो मुख्यतः पुढचा पंख, त्यामुळे मागील पंखांवरच्या खुणांवरून रूप ठरवता येत नाही.  रूपाची खात्री करायची असेल, तर दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर उठून कोषापाशी बसावे. सकाळच्या पहिल्या काही तासांत कवच पुढून फुटते, फुलपाखरू बाहेर येऊन काडीला लटकते आणि चुरगळलेले पंख हळूहळू उलगडत, वाळवत, तासाभराने उडण्यास तयार होते.